मिसेस क्वानचे हात

“परत धुतले केस. दहा दिवसांत तिसऱ्यांदा,” मिसेस क्वान मृणालिनीच्या कानाशी पुटपुटल्या. “डोक्यात वारा शिरणार. साठीला आली की म्हणेल, आई, डोकं दुखतं. तेव्हा आई कुठे असणार?”

मृणालिनी दारात एका पायावर उभी होती. एक बूट निघाला होता, दुसरा हटून बसला होता, एका खांद्यावर वजनकाटा आणि दुसऱ्यावर लॅपटॉपची पिशवी. अशा अवस्थेतल्या बाईला काहीही सांगितलं तरी ती ‘हो’ म्हणते. मृणालिनी ‘हो’ म्हणाली.

“हो ना? मग तू सांग तिला. माझं ऐकत नाही. तू गव्हर्मेंट.”

मृणालिनी गव्हर्मेंट नव्हती, मिडवाइफ होती. म्हणजे आपली सुईणच, फक्त हिच्याजवळ रजिस्ट्रेशन, टोयोटा आणि दिवसाला सहा-सात घरं. बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा आठवडे जायचं, तिचे टाके बघायचे, बाळाचं वजन करायचं, दूध, झोप, रडणं, सगळ्याची विचारपूस करायची, ही या देशाची रीत. पुण्याहून ऑकलंडला येऊन तिला वीस वर्षं झाली होती. नवरा रवींद्र आयटीत, मुलगी सिद्धी युनिव्हर्सिटीत, आणि ती स्वतः बॉटनी डाउन्सपासून पापाटोएटोपर्यंत इतक्या घरांत जाऊन आली होती, की कुठल्या गल्लीतलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं चावतं हे तिला पाठ होतं. हजारावर बाळं तिच्या हातांवर आली होती. तरी दर बाळाच्या पहिल्या श्वासाला ती अजून आपला श्वास रोखून धरायची. हे ती कुणाला सांगत नसे. कामावर असं बरं दिसत नाही.

घरात व्हिनेगरचा, आल्याचा आणि गुळासारख्या कशाचा तरी मिळून असा वास भरला होता, की नाकाबरोबर डोळेही जागे व्हावेत. शेगडीवर मातीचं भांडं रटरटत होतं. त्यात गोड काळं व्हिनेगर, मूठभर नव्हे तर किलोभर आलं, डुकराचे पाय आणि सोललेली उकडलेली अंडी. लेक बाळंत झाली तसं मिसेस क्वान अल्बनीच्या आपल्या फ्लॅटला कुलूप लावून आल्या होत्या ते दोन सुटकेसा आणि असली तीन भांडी घेऊन. त्यांच्याकडे याला ‘महिना बसणं’ म्हणतात. तीस दिवस बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्याला बसायचं नाही, केस धुवायचे नाहीत, आणि आई समोर आणून ठेवील ते गरम गरम गिळायचं. मृणालिनीला यात काही नवल वाटलं नव्हतं. आपल्याकडे सव्वा महिना, त्यांच्याकडे महिना. ते लोक जरा घाईत, एवढंच.

नवल वेगळ्याच गोष्टीचं होतं. ते तिला पहिल्या दिवशी कळलं नाही.

पहिल्या दिवशी ती सवयीनं “थँक यू, आंटी” म्हणाली, तेव्हा मिसेस क्वाननी हातातला डाव भांड्यावर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, “मिसेस क्वान. आंटी नको.” रागानं नाही, दुखऱ्या पायावर कुणी पाय देऊ नये म्हणून आधीच सांगावं, तसं. तेव्हापासून मृणालिनी जीभ आवरून मिसेस क्वानच म्हणे. त्या मात्र तिला लिनी म्हणत. मृणालिनी हे नाव या देशात कुणालाच पेललं नाही, त्याला त्या तरी काय करणार.

“लिनी!” आतून आवाज आला. “तिचं ऐकू नकोस, आत ये!”

आत पलंगावर मेयान बसली होती. क्वानबाईंची एकुलती एक लेक, वय एकतीस, भूकंपात इमारत कशी उभी राहावी याची गणितं मांडणारी इंजिनियर. ओले केस मोकळे, पाय उघडे, खिडकी सताड उघडी. एकेक नियम शोधून मोडलेला. शेजारच्या पाळण्यात दहा दिवसांचं बाळ मुठी आवळून झोपलं होतं. बाळाचं नाव आयला. नाव ऐकलं तेव्हा मृणालिनीला पेन खाली ठेवून खोकल्याचं नाटक करावं लागलं होतं. घरी येऊन तिनं रवींद्रला सांगितलं, तर तो म्हणाला, “आयला!” आणि मग दोघं जेवण होईस्तोवर हसत होते. इथे ते अगदी खानदानी नाव. बाळाचा बाप कॅलम, इथलाच गोरा, इलेक्ट्रिशियन. त्याच्या आजीच्या आईचं नाव.

“केस धुतल्यानं कुणी मरतं का? सांग तिला,” मेयान म्हणाली.

“मरत नाही. म्हातारी होते. तेव्हा दुखतं. सांग तिला,” दारातून मिसेस क्वान म्हणाल्या, आणि वाफाळता वाडगा मेयानच्या पुढ्यात ठेवून सरळ खिडकी लावायला गेल्या.

“मा, मला श्वास घेता येत नाही!”

“मीही नाही घेतला. महिनाभर. जिवंत आहे.”

दोघींच्या भांडणात सापडलेल्या माणसानं करायचं ते मृणालिनीनं केलं. स्वतःच्या आईला पुढे केलं. सिद्धीच्या वेळी तिची आई पुण्याहून ओवा, बाळंतशेपा आणि डिंकाच्या लाडवांचे दोन डबे घेऊन आली होती. भाड्याचं घर, लाकडी, सगळीकडे गालिचा. आईनं बार्बेक्यूचे निखारे तव्यावर घेतले, वर ओवा-शेपा टाकला आणि बाळंतिणीला धुरी दिली. धुराचा अलार्म बोंबलायला लागला. आईला वाटलं बाहेर कुणाची तरी गाडी कोकलतेय. शेजारच्या म्हाताऱ्यानं फोन केला आणि दहा मिनिटांत सहा-सहा फुटी चार फायरमन हेल्मेट घालून बाळंतिणीच्या खोलीत.

“मग?” मेयाननं डोळे मोठे केले.

“मग काय? आईनं त्यांना लाडू दिले. एक जण दुसरा मागून घेऊन गेला.”

मेयान टाक्यांवर हात दाबून हसली. मिसेस क्वान हसल्या नाहीत. “तुझी आई बरोबर,” एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी मृणालिनी निघाली तेव्हा तिच्या हातात तिच्यासाठी वेगळा काढलेला डबा आला. त्यात आलं आणि अंडी, पाय वगळून. हिंदू बाई, डुकराचं खाईल न खाईल, असा न विचारता केलेला विचार त्यात होता. गाडीत बसून तिनं एक अंडं तोंडात टाकलं आणि ते कसं लागलं हे पुढच्या घरी पोचेपर्यंत तिला ठरवता आलं नाही. दुसरं मात्र तिनं सिग्नललाच खाल्लं.

सोळाव्या दिवशी तिला ते दिसलं.

त्या दिवशी बाळाची अंघोळ होती. पाणी आल्याच्या सालींबरोबर उकळून निववलेलं. ते मिसेस क्वाननी कोपरानं तीनदा तपासलं. टॉवेल हीटरवर ठेवून गरम केला, उबदार बाजू वर येईल अशी घडी घातली. झबलं उलटं करून शिवण आत टोचत नाही ना ते बोटानं चाचपलं. सगळी सामग्री एखाद्या शस्त्रक्रियेसारखी मांडली. आणि दोन पावलं मागे सरल्या. मेयाननं बाळाला पाण्यात उतरवलं. तिच्या हाताखाली, टबाच्या कडेशी, मिसेस क्वानचे दोन्ही हात आले, ओंजळ करून. बाळ डावीकडे कललं की ओंजळ डावीकडे. बाळानं पाय झाडला की ओंजळ खाली. मधे चार बोटांचं अंतर. ते अंतर शेवटपर्यंत कमी झालं नाही, जास्तही झालं नाही.

मृणालिनी बघतच राहिली. तिनं घारीला वाऱ्यावर स्थिर राहिलेलं पाहिलं होतं, तसे ते हात होते. चिप्सच्या दुकानातल्या बटाट्यांनी आणि तेलानं पिकलेले, बोटांच्या पेरांवर जुन्या भाजल्याचे डाग असलेले. बाळ बाहेर निघालं आणि मेयान म्हणाली, “मा, जरा धर ना, मी टॉवेल—” तोवर टॉवेल तिच्या खांद्यावर पडला होता आणि मिसेस क्वान स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. भांड्याचं झाकण वाजलं.

तेव्हा मृणालिनीनं मनात मागचे दिवस उलगडून पाहिले. दुसरा, चौथा, सातवा, दहावा, तेरावा. मिसेस क्वान दुपटी धूत होत्या, बाटल्या उकळत होत्या, मध्यरात्री लेकीसाठी खजुराचा चहा करत होत्या. पण बाळाला घेतलेलं तिनं त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. कडेवर नाही, मांडीवर नाही, खांद्यावरसुद्धा नाही. कॅलमला घरात असताना आयलाला सोडवत नसे, त्यामुळे ते लपून जात होतं. कॅलम माणूस सरळ. सासूबाईंनी पुढ्यात ठेवलेले डुकराचे पाय तो “स्वीट ॲज, मा!” अशी इथली दाद देत मिटक्या मारत खायचा. बाळंतिणीच्या वाटचं निम्मं त्यानंच रिचवलं असावं. पोट तरी तसंच सांगत होतं. त्यालाही हे दिसलं असणार. दिसलेलं बोलायचं नाही, हा त्या घरातला सगळ्यांत कडक नियम होता. महिना बसण्याच्या नियमांत तो नव्हता, पण मोडायची हिंमत मात्र मेयानलाही झाली नव्हती.

ती एकविसाव्या दिवशी झाली. मिसेस क्वान चायनीज सुपरमार्केटमध्ये गेल्या होत्या. पुढच्या रविवारी, तिसाव्या दिवशी, बाळाचा महिना भरणार होता. लाल रंगवलेली अंडी वाटायची, नातेवाईक बोलवायचे, बाळाला सगळ्यांनी बघायचं. ऐंशी अंडी लागणार होती. मेयान बाळाला पाजत होती. मृणालिनी लॅपटॉपवर टिपणं करत होती.

“तू बघितलंयस ना?” मेयान बाळावरची नजर न काढता म्हणाली. “ती हिला घेत नाही ते.”

मृणालिनीनं टायपिंग थांबवलं.

“कॅलम म्हणतो, ती लाजते. आपल्या पोटच्या पोरीच्या पोरीला कुणी लाजतं? आधी मला वाटलं, मुलगी झाली म्हणून. मग वाटलं, हिचे केस बघ, मधासारखे. ही तिला आपली वाटत नसेल. माझ्या चुलत मावशीनं फोटो बघून विचारलंच होतं, चिनी कुठून आहे ही?” ती थांबली. “माझं मी समजू शकते. मी तिला कधी जमलेच नाही.”

“असं का म्हणतेस?”

“मी आजीकडे होते ना.”

हे मृणालिनीला अर्धवट माहीत होतं. पहिल्या तपासणीच्या वेळी भरलेल्या फॉर्मवर जन्म ऑकलंड होता आणि शाळा ऑकलंड. मधली सहा वर्षं ‘आजीकडे, चीन’. आता मेयाननं ते सांगितलं, आवाज एका पट्टीत ठेवून. तिचे आई-बाप नव्वदच्या दशकात इथे आले. पापाटोएटोला फिश अँड चिप्सचं दुकान. सकाळी बटाटे सोलायचे, रात्री दहाला तेल गाळायचं. मेयान झाली, शंभर दिवसांची झाली आणि गावची कुणी बाई परत निघाली होती तिच्याबरोबर ग्वांगडाँगच्या खेड्यात आजीकडे गेली. साडेसहा वर्षांची झाल्यावर आली.

“घरात याला ‘तू आजीकडे होतीस तेव्हा’ म्हणतात. सुट्टीत गेल्यासारखं. एअरपोर्टवर एक बाई उभी होती, तिच्या अंगाला तळणाचा वास येत होता. आजीनं शिकवून पाठवलं होतं, मोठ्या बाईला आंटी म्हणायचं. मी म्हटलं, हॅलो आंटी.” मेयान हसल्यासारखं करून म्हणाली, “वर्षभर तेच म्हणत होते. बाबांना बाबा लगेच म्हणायला लागले. का कुणास ठाऊक.”

मृणालिनीला आपला पहिला दिवस आठवला. मिसेस क्वान, आंटी नको. तिनं तो शब्द त्या बाईच्या स्वयंपाकघरात उभं राहून किती सहज उच्चारला होता.

“मी कधी विचारलं नाही, का पाठवलंस,” मेयान म्हणाली. “दुकान होतं, कष्ट होते, मला कळतं सगळं. मला इंजिनियर करायला दोघांनी हाडं झिजवली. त्यावर काय विचारणार? पण आयला... रविवारी चाळीस माणसं येतील. महिना भरला की आजीनं बाळाला घेऊन सगळ्यांना दाखवायचं असतं. त्या दिवशी तिनं आयलाला घेतलं नाही, तर सोमवारी कॅलम तिला अल्बनीला सोडून येईल. मी ठरवलंय. माझ्या मुलीला घरात कुणी परकं समजून वागवलेलं मी बघणार नाही. मी ते भोगून बसलेय.”

दार वाजलं. मिसेस क्वान अंड्यांचे ट्रे सांभाळत आत आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, “पायमोजे कुठे?”

मेयाननं पायमोजे घातले. भांडण न करता, निमूट. ते मृणालिनीला भांडणापेक्षा वाईट वाटलं.

त्या आठवड्यात तिच्या डोक्यातून ते जाईना. सिद्धीला फोन केला तर “आय’म फाइन, आई, चिल,” म्हणून तिनं ठेवून दिला. आपण हिला एक दिवस कुणाकडे ठेवली नाही, तरी ही इंग्रजीतच उत्तर देते, असं मनात आलं, आणि लगेच लाज वाटली. सहा वर्षं म्हणजे काय? पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिली थाप. बाळं हातावर घेण्याचा धंदा करणाऱ्या बाईला त्याचा हिशोब मांडता येईना.

शुक्रवारी, अठ्ठाविसाव्या दिवशी, ती गेली तेव्हा कॅलम कामावर होता. मेयान बैठकीच्या खोलीत सोफ्यावर, दोन्ही हातांनी दूध काढायचं यंत्र धरून बसली होती. रविवारच्या गडबडीसाठी दोन बाटल्या साठवायच्या होत्या. मिसेस क्वान टेबलावर लाल रंगाची पुडी वाचत होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आयला तेवढी पाळण्यात छताशी काहीतरी बोलत होती.

मृणालिनीनं बाळाचे कपडे उतरवले, वजनकाट्याचं बटण दाबलं. काटा मेला होता. पुन्हा दाबलं. ढिम्म. बॅटरी बाहेर गाडीत होती, पुढच्या कप्प्यात, चारची नवी पाकिटं. तिनं खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग न्हाणीघराकडे पाहिलं. तिथे दाराशी माणसांचा वजनकाटा होता, काचेचा.

गव्हर्मेंटनं असं करू नये. गव्हर्मेंटनं ते केलं.

“काटा बंद पडलाय,” ती म्हणाली. “काही नाही, जुनी पद्धत वापरू. मोठ्या माणसाचं वजन करायचं, मग बाळाला घेऊन करायचं, वजाबाकी करायची. मेयानचे हात अडकलेत. मला आकडा वाचायला वाकायला लागेल, चष्मा नाही. मिसेस क्वान, तुम्ही याल?”

चष्मा तिच्या डोक्यावर होता. तो तिघींनाही दिसत होता.

मिसेस क्वान आल्या. सपाता काढल्या, काट्यावर उभ्या राहिल्या, अगदी ताठ, दुकानाच्या तपासणीला आल्यासारख्या. सेहेचाळीस किलो आठशे. एवढ्याशा जीवात तीस वर्षांचे बटाटे मावले होते. मृणालिनीनं आकडा लिहिला, आयलाला दुपट्यात गुंडाळलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

मिसेस क्वाननी हात मागे घेतले. पाठीमागे, एकात एक अडकवून, छडी खायला उभ्या केलेल्या पोरीसारखे.

यंत्र घुं-घुं करत होतं. मेयाननं ते बंद केलं.

“बघितलंस, लिनी?” ती इंग्रजीत म्हणाली, आईकडे बघत. “मुलगी आहे म्हणून का, मा?”

“नाही.”

“केसांमुळे? डोळ्यांमुळे?”

“नाही. वेडी आहेस.” त्या खिडकीकडे बघायला लागल्या. “अंडी थंडीत रंग नीट घेत नाहीत. आज रात्रीच करायला—”

“मा! अंडी राहू दे! काय चुकलं तिचं?” मेयान उठून उभी राहिली. टाक्यांवर हात होता, आवाज फुटला होता. “मला नाही घेतलंस, ठीक आहे. मी मोठी होते तोपर्यंत, जड होते. ही चार किलोची आहे! रविवारी लोकांना काय सांगू? सोमवारी तू जा. कॅलम सोडेल तुला. जा.”

मिसेस क्वान काट्यावरून उतरल्या नाहीत. मृणालिनीला वाटलं, आता या भांड्याकडे जातील, झाकण वाजेल, संपलं. ती बॅटरीची चूक आयुष्यभर आपल्या माथी राहील. पण त्या तिथेच उभ्या होत्या. दुपट्यातून आयलाचा एक हात बाहेर आला, हवेत काहीतरी धरू लागला. मिसेस क्वान त्या हाताकडे बघत होत्या.

“पाच किलो आठशे,” त्या म्हणाल्या.

“नाही, अजून एवढी—” मृणालिनी म्हणू लागली.

“ही नाही. ती. शंभराव्या दिवशी. दुकानात, बटाट्यांच्या काट्यावर.” त्यांचं इंग्रजी दुकानाचं होतं, लहान लहान वाक्यांचं, गिऱ्हाइकाला कळेल असं. त्यातच त्या बोलत होत्या. त्यांच्या भाषेत हे सांगायला त्यांना बहुधा वाटच नव्हती. “बाई म्हणाली, विमानात मी सांभाळीन, काळजी नको. मी दिली. परत आले दुकानात. शुक्रवार होता. शुक्रवारी गर्दी. मी तळायला उभी राहिले. दूध आलं. ॲप्रन ओला. गिऱ्हाईक म्हणालं, लव्ह, तुझ्यावर काहीतरी सांडलंय. नऊ दिवस येत होतं. नंतर थांबलं.”

मेयान हलली नाही.

“मग मी काही उचललं की कळायचं. हे पाच-आठशे. हे जास्त. हे कमी. पिठाची पिशवी, माशांची पेटी. हात विसरत नाहीत. दुसऱ्यांची मुलं मी घेतली नाहीत. कुणाचीच. तू आलीस तेव्हा मोठी होतीस. तू रडली नाहीस. मला आंटी म्हणालीस. मी म्हटलं, बरं आहे, रडत नाही.” त्यांनी श्वास घेतला. “हिला घेतली तर मला कळेल. तेव्हा काय होतं हातात, ते. मला ते कळायला नको.”

खोलीत सगळं इतकं स्थिर होतं की मृणालिनीला स्वतःच्या हातांतलं बाळ श्वास घेताना जाणवत होतं. प्रसूतीच्या खोलीत एक क्षण असतो, डोकं बाहेर आलेलं असतं, अंग अजून यायचं असतं, आणि कुणी ओरडत नाही, कुणी काही सांगत नाही, सगळं जग एका आवाजाची वाट बघत थांबतं. हजार वेळा पाहिलेला तो क्षण आज तिला दोन म्हाताऱ्या पावलांपाशी, काचेच्या काट्यावर दिसत होता, आणि तितक्याच धास्तीनं तिनं आपला श्वास धरला होता.

मेयान पुढे आली. मृणालिनीच्या हातांतून तिनं आयलाला घेतलं. आईसमोर उभी राहिली. बाळ पुढे केलं नाही, नुसती जवळ उभी राहिली, ओंजळीएवढ्या अंतरावर. ओल्या केसांतून पाणी टपकत होतं. आज परत धुतले होते.

मिसेस क्वानचे हात पाठीमागून सुटले. आधी एक आला. मग दुसरा. त्यांनी बाळाला घेतलं ते एका झटक्यात, सवयीच्या माणसासारखं, मान कोपरात, बूड तळव्यावर, गाल छातीला. इतकी वर्षं न वापरलेली कला क्षणात जागी व्हावी तसं. पायाखालचा आकडा पळाला, थरथरला, थांबला. कुणी वाचला नाही. त्यांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

“मा,” मेयान म्हणाली, “मी आजीकडे होते तेव्हा—”

“नाही,” मिसेस क्वान म्हणाल्या. डोळे उघडून त्यांनी लेकीकडे सरळ पाहिलं. “सगळे तसं म्हणतात. तुझे बाबा म्हणायचे, मी म्हणते. तू आजीकडे नव्हतीस. मी तुला देऊन टाकलं होतं.”